पान एकशे सत्तेचाळीस

झेलमचं आत्मचरित्र मी वाचनालयातून आणलं,
नंबर लावून, चार आठवडे थांबून.
दाबके चष्म्यावरून म्हणाले, "हे तुम्ही वाचता?"
म्हटलं, हो. आणि वर्गणीची पावती राहिलीय.

पहिली शंभर पानं भराभर उडवली.
मिरजेतलं घर, शेजारी तंबोऱ्यांचं दुकान,
सुमन खांबेटेची झेलम कशी झाली,
कुठल्या गाण्याला किती टेक लागले.
सगळं मला पाठ होतं.
पुरवण्यांतली कात्रणं मी वहीत डकवायचे,
खळ संपली की भाताच्या शितांनी.

मग डहाणूकर कॉलनीच्या स्टॉपवर,
बस येत नव्हती म्हणून, उभ्या उभ्या
पान एकशे सत्तेचाळीस.

तिनं लिहिलंय:
"इंदूरचं हॉटेल. शो संपवून आलो होतो.
मी ड्रमरशी हसून बोलले होते.
त्यानं बॅगेतली कात्री काढली.
केस ओले होते, म्हणून आवाज कमी आला.
सकाळी फोटोग्राफर म्हणाला, वा, काय लुक आहे."

पुढच्या परिच्छेदात ती दुबईला जाते.

बस आली. गेली.

तो फोटो मी कुंदा शेलारच्या पार्लरमध्ये नेला होता,
रास्ता पेठेत, जिन्याखालच्या दीड खोलीत.
एकोणीस वर्षांची होते, वेणी कमरेखाली.
म्हटलं, असे काप. अगदी असे.
डाव्या कानावर आखूड, मागे तिरके.
कुंदाताई म्हणाली, अगं, हे वाकडे कापलेत कुणीतरी.
म्हटलं, फॅशन आहे ती.
घरी सांगितलंयस ना, तिनं दोनदा विचारलं.
मग फोटो आरशाच्या चौकटीत खोचून
बिचारीनं पाऊण तास खपून
तो वाकडेपणा जसाच्या तसा उतरवला.

बाबा अकरा दिवस बोलले नाहीत.
मी लक्ष्मी रोडवरून सायकल हाणत गेले,
उघड्या मानेला वारा लागत होता
आणि मान माझी होती, पहिल्यांदाच.
खरं सांगते, तसा वारा पुन्हा लागला नाही.

त्या जानेवारीत ती पुण्यात आली.
स.प.च्या मैदानावर सातव्या रांगेत आम्ही,
सगळ्याजणी डाव्या कानावर आखूड, मागे तिरक्या.
दुसऱ्या गाण्यात ती मध्येच थांबली.
स्टेजच्या कडेला येऊन
आमच्याकडे बघत राहिली.
बँड वाजत होता.
आम्ही किंचाळलो. वाटलं, ओळखलं तिनं आपल्याला.

पुस्तकात पुणं नाही.
मी शेवटची सूची दोनदा तपासली.
(पुणेकर म्हणून राग आला. तो सगळ्यात आधी आला,
हेही कबूल करते.)

रात्री कणीक मळताना तिच्याशी भांडले.
बाई, हे आत्ता कशाला?
तो वारा मी पंचवीस वर्षं जपलाय,
लेकीला गोष्टीसारखा सांगितलाय.
मग कधी सांगायचं होतं तिनं?
सातव्या रांगेला? माईकवरून?
कणीक सैल झाली. पीठ घातलं. घट्ट झाली.

समासात लिहायला पेन्सिल घेतली.
"मला माहीत नव्हतं," असं लिहिलं.
खोडलं. वाचनालयाचं पुस्तक.
करडा डाग राहिला, तेवढा दाबक्यांना दिसेल.

आईनं माझी वेणी टाकून दिली नव्हती.
केसांवर भांडी देणारी बाई यायची दारावर,
तिच्याशी घासाघीस करून एक पळी घेतली.
हातात तोलताना ती बाई म्हणे म्हणाली,
चांगले आहेत हो, कुणाचे?
आई म्हणाली, होते एका मुलीचे.

पळी अजून आहे, दांडा जरा कलला आहे.
आज तिनंच आमटी वाढत होते.
लेक म्हणाली, आई,
वाटी कधीच भरली. थांब की.